ताप, चिखल आणि मेडल: आजारी असताना ऑब्स्टॅकल रेस पूर्ण करायची का?

ज्यांना इअरफोन लावायला जमत नाही, म्हणजे ऑफिसमध्ये मॅनेजर शेजारी बसतो वगैरे, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

दर वर्षी पावसाळा संपला की ऑब्स्टॅकल रेसचा सीझन सुरू होतो आणि एक मेसेज हमखास येतो: "भावा, रविवारी रेस आहे, अंगात थोडी कणकण आहे. धावू का?" यावर ग्रुपवर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "अरे, मनाचा खेळ आहे सगळा." आणि मग कोणीतरी मायकल जॉर्डनचा व्हिडिओ टाकतं.

तो किस्सा बहुतेकांना माहीत असेल. ११ जून १९९७, एनबीए फायनल्सची पाचवी मॅच, सॉल्ट लेक सिटी. जॉर्डन आजारी, उभं राहायची ताकद नाही, तरी ३८ पॉइंट काढले आणि शिकागो बुल्स ९०-८८ ने जिंकले. भारी आहेच. पण आपल्याकडचा दुसरा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २० मार्च २०११, चेन्नई, वर्ल्ड कप, समोर वेस्ट इंडीज. युवराज सिंग मैदानातच उलट्या करतोय आणि तरी ११३ मारतो. टीव्हीवर बघताना आम्हा शाळकरी पोरांना वाटलं, चेन्नईचं ऊन बाधलं. नंतर कळलं की दोन फुप्फुसांच्या मधे कॅन्सरची गाठ होती. २०१२ मध्ये अमेरिकेत केमोथेरपी झाली. म्हणजे शरीर जे ओरडून सांगत होतं ते खरं होतं, आणि शतकही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी. गोंधळ इथेच होतो. रेस पूर्ण झाली म्हणजे आजार किरकोळ होता, असं काही नसतं.

आता ऑब्स्टॅकल रेस म्हणजे नेमकं काय, हे नवीन लोकांसाठी पटकन. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये 'टफ गाय' नावाची रेस सुरू झाली, तिथून हा प्रकार वाढला. २०१० मध्ये अमेरिकेत 'स्पार्टन' आणि 'टफ मडर' आले. स्पार्टनची सगळ्यात छोटी रेस ५ किलोमीटर आणि २० अडथळे, मोठी 'बीस्ट' २१ किलोमीटर आणि ३० अडथळे. आपल्याकडे 'डेव्हिल्स सर्किट'मुळे हे नाव घरोघरी नाही, पण जिमोजिमी नक्की पोचलं. भिंती, दोर, लोंबकळायच्या कड्या, काटेरी तारेखालून सरपटणं, बर्फाचं पाणी, आणि चिखल, चिखल, चिखल.

साध्या ५ किलोमीटर धावण्यात आजारी माणूस वेग कमी करून चालत चालत घरी येऊ शकतो. इथे तसं नाही. तुम्ही दहा फुटांवर लोंबकळताय आणि हात सुटला, तर वेग कमी करण्याचा पर्यायच नसतो. बर्फाच्या टाकीत उतरलं की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, त्यावर आपला ताबा नसतो, आणि नाडी व ब्लड प्रेशर एकदम उसळतं. धडधाकट माणसाला ते झेपतं. छातीत कफ भरलेल्याला जड जातं.

मग ठरवायचं कसं? क्रीडावैद्यकात एक जुना आडाखा आहे, 'नेक चेक', म्हणजे मानेची तपासणी. अमेरिकन डॉक्टर रँडी आयक्नर यांनी १९९० च्या दशकात तो लोकप्रिय केला. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक गळणं, शिंका, घसा जरासा खवखवणं, तर अर्ध्या जोराने दहा मिनिटं पळून बघा. बरं वाटलं तर पुढे जा, डोकं ठणकायला लागलं तर घरी. मानेच्या खाली असतील, म्हणजे छातीतून येणारा खोकला, अंगदुखी, उलट्या, जुलाब, तर नाही. आणि ताप असेल तर मान-बिन काही बघायचंच नाही, सरळ नाही.

तापाबद्दल एवढा कडकपणा का? पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता म्हणून बाहेर पडते. शरीर ती घामातून फेकतं. तापात मेंदूने थर्मोस्टॅट आधीच वर सरकवलेला असतो, एकेका डिग्री सेल्सिअसला नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढलेली असते. म्हणजे सुरुवातच अर्ध्या चढावरून. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, की तो उष्माघात. हे ट्रॅकवर कुणाला झालं तर एकच लक्षात ठेवा: आधी थंड करायचं, मग हॉस्पिटलला हलवायचं. बर्फाच्या पाण्याचा अडथळा शेजारी असेल तर त्याचा यापेक्षा चांगला उपयोग नाही, फक्त डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं आणि मेडिकल टीमला हाक मारायची.

दुसरी भीती हृदयाची. काही व्हायरस हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांमध्ये याचं नाव येतं. निदान झालं तर डॉक्टर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद करायला लावतात. छातीत दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही व्हायरलच्या काळात किंवा नंतर झालं तर ईसीजी काढल्याशिवाय बूट घालू नका.

"पॅरासिटामॉल घेतली, आता ताप नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट म्यूट केला म्हणून सर्व्हर बरा होत नाही. आकडा खाली येतो, आजार तिथेच असतो. सर्दीच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. त्यात बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र असतात. नाक मोकळं करणारं औषध ब्लड प्रेशर वाढवू शकतं, आणि गुंगी आणणारं औषध हातापायांचा प्रतिसाद मंद करतं. गुंगीत दोरावर चढायचंय का, हे ज्याने त्याने बघावं. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रेसआधी 'सेफ्टी' म्हणून खाणं तर बंदच करा. घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना किडनीचा रक्तपुरवठा ज्या यंत्रणेवर चालतो, त्याच यंत्रणेला या गोळ्या अडवतात.

या गोळ्यांचा विषय निघाला म्हणून माझ्या रूममेटचं सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, फक्त नाव नको म्हणाला. चौघांची टीम, रेस रविवारी, पैसे परत मिळणार नव्हते, टी-शर्ट छापून आलेले. मंगळवारी त्याला ताप भरला, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून आलेलं. शुक्रवारी सकाळी थर्मामीटर नॉर्मल. गडी खूश! "उतरला रे, रविवारी येतोय." चिकूही खाल्ले दोन. मी म्हटलं, आधी रक्त तपासून ये, मग बघू. कुरकुरत गेला. रिपोर्ट आला: डेंग्यू, प्लेटलेट खाली.

आता हे नीट ऐका, कारण महाराष्ट्रात रेस आणि डेंग्यू यांचा सीझन एकमेकांना चिकटून येतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप कमी होतो, आणि काही रुग्णांमध्ये नेमकं तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं ही धोक्याची खूण. आणि यात वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. आमच्या गड्याचं पोट शनिवारी संध्याकाळी दुखायला लागलं. रात्री ॲडमिट, सलाईन, दर काही तासांनी रक्त. काकू साताऱ्याहून पहिल्या गाडीने आल्या. हाच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भिंतीवरून उडी मारणार होता.

काकूंनीच आम्हाला तिघांना हाकललं, "इथे बसून काय करणार आहात, जा तुम्ही." गेलो. मला स्वतःला दोन दिवसांपासून सर्दी होती. मानेच्या वरची, ताप नाही, सकाळची नाडी नेहमीसारखी. पहिले दहा मिनिटं हळू पळून बघितलं, नाक उलट मोकळं झालं, मग पुढे गेलो. पण प्लॅन बदलला होता: वेळ बघायची नाही, नाकाने श्वास घेता येईल एवढाच वेग, बर्फाची टाकी सोडायची आणि जो दंड असेल तो भरायचा. आठ फुटी भिंतीशी आमचा उंच गडी आठवला, त्याच्या खांद्याशिवाय तिघांना तीन प्रयत्न लागले. पूर्ण केली. आजारात 'जोर लावून' रेस संपवणं म्हणजे माझ्या मते एवढंच असावं, कंटाळवाणं आणि हिशेबी. मेडल त्याच्या सलाईनच्या स्टँडला अडकवलं तर नर्सबाईंनी काढायला लावलं.

आता रेसनंतरचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेत नेवाडात गुरांच्या रँचवर झालेल्या चिखलाच्या रेसनंतर २२ जणांना जुलाबाचा जिवाणू आजार झाला, कारण पडता-झडता चिखलाचं पाणी तोंडात गेलं. २००० सालच्या बोर्निओतल्या इको-चॅलेंज स्पर्धेनंतर संपर्क झालेल्या १८९ स्पर्धकांपैकी ८० जणांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं दिसली, संशय नदीच्या पाण्यावर होता. लेप्टो आपल्याला नवीन नाही, मुंबईत २००५ च्या पुरानंतर काय झालं ते घरच्यांना विचारा. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो, आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. रेसमध्ये खरचटत नाही असा माणूस दाखवा.

तेव्हा तोंड बंद ठेवून सरपटा, संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ, जखमा स्वच्छ. लक्षणं दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही येऊ शकतात. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी चिखलात लोळून आलोय. ते विचारतीलच असं नाही.

रूममेट पाचव्या दिवशी घरी आला. तीन आठवडे जिन्यावरही दम लागत होता. सध्या रोज दोन किलोमीटर चालतो आणि मला शिव्या घालतो. पुढच्या भागात हाताची पकड कशी वाढवायची ते, त्यात तोही असेल. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मोठी नको, एका मिनिटाची.