न आलेल्यांची यादी

‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानाची २०२५ च्या दसऱ्याच्या दिवशी सांगता झाली. १७ सप्टेंबरला मध्य प्रदेशातल्या धारमध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, देशभर लाखावर शिबिरं घ्यायचं ठरलं, आणि अशा अभियानानंतर आकडे येत राहतात. किती जणींचा रक्तदाब मोजला, किती जणींची साखर तपासली, किती जणींचं हिमोग्लोबिन कमी भरलं. आकडे मोठेच असतात, कारण शिबिराचा आकडा कधी लहान नसतो. महाराष्ट्राला हे नवंही नाही. २०२२ साली नवरात्रातच ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम राज्याने काढली होती आणि अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी केली होती. (बायकांच्या आरोग्याची आठवण सरकारला नेमकी त्यांच्या उपासांच्या दिवसांत का व्हावी, हे देवीच जाणे.) त्या वेळी जिचं रक्त कमी निघालं तिचं पुढे काय झालं, २०२५ च्या शिबिरात ती आली का, आली असेल तर तिचा जुना कागद कुणी पाहिला का, याचं उत्तर दोन्ही मोहिमांच्या आकड्यांत सापडणार नाही. शिबिर आलेल्यांना मोजतं. बाईचं आणि लेकराचं आरोग्य सांभाळायचं तर आधी न आलेल्यांना मोजावं लागतं, आणि ते काम गावातलं उपकेंद्रच करू शकतं.

हे करता येतं याचा पुरावा त्याच उपकेंद्रात टेबलावर पडलेला असतो. लसीकरणाच्या आदल्या दिवशी सिस्टर आणि आशाताई मिळून ड्यू लिस्ट काढतात. त्यात कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या बाळाचा सहा आठवड्यांचा डोस आहे, कुणाचा चौदा आठवड्यांचा राहिलाय, कुणाला नऊ महिने भरले म्हणून गोवर-रुबेलाची लस द्यायचीय, हे नावानिशी लिहिलेलं असतं. सकाळी व्हॅक्सिन कॅरियर येतो. प्रत्येक बाटलीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन असतो. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो, आणि तो भोवतीच्या गोलाइतका गडद झाला की ती बाटली बाद. दुपारी यादी पुन्हा उघडते. ज्या नावापुढे खूण नाही त्या घरी आशाताई जाते. आजी म्हणते, मागच्या वेळी ताप आला होता. सून म्हणते, शेतावर होते. बाळ माहेरी गेलं असेल तर कोणत्या गावी, हेही विचारलं जातं. या साऱ्या व्यवस्थेत लशीइतकीच किंमत त्या खूण नसलेल्या नावाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचं प्रमाण ५६.२ टक्क्यांवरून ७३.५ टक्क्यांवर गेलं, त्यात या यादीचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

आता त्याच दोन फेऱ्यांत त्याच राज्यातल्या बायकांचं काय झालं ते पाहा. १५ ते ४९ वयोगटातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेल्या. गरोदरपणात किमान चार तपासण्या झालेल्या ७२.२ वरून ७०.३ टक्क्यांवर आल्या. बाळंतपणं मात्र जवळजवळ सगळी, ९४.७ टक्के, दवाखान्यात होऊ लागली. रक्तक्षयाच्या आकड्यांवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाची मोजणी कितपत धरावी, असा वाद आहे, आणि मुलांमधला रक्तक्षयही याच काळात ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलेला दिसतो. पण मोजणीचा दोष वजा केला तरी मुलांच्या बाबतीतला हा फरक बोलका आहे. ज्या गोष्टीला तारीख आहे, म्हणजे डोसाला, ती सुधारली. ज्या गोष्टीला तारीख नाही, म्हणजे लोहाच्या सिरपला आणि ताटातल्या जेवणाला, ती सुधारली नाही. एकाच बाळाच्या अंगात दोन्ही निकाल दिसतात.

आईचं नाव तर वहीतून लवकरच गळतं. गरोदर असेपर्यंत ती यंत्रणेची लाडकी असते. नोंदणी होते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, दर महिन्याच्या नऊ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. त्यानंतर बाळासाठी तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी ठरलेल्या आहेत. आईसाठी, तिच्या स्वतःच्या शरीरासाठी ठरलेली शेवटची तारीख बेचाळिसावा दिवस. नंतर ती पुन्हा गरोदर राहिली किंवा ऑपरेशनला तयार झाली, तरच वहीत परतते. मधली वीस-पंचवीस वर्षं अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, अंग बाहेर येणं, थकवा, सगळं तिने अंगावर काढायचं, असा यंत्रणेचा अलिखित समज आहे.

हा समज किती महागात पडतो ते गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी फार पूर्वी दाखवून दिलंय, आणि या विषयावर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण ते वाचावं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. तक्रार घेऊन आलेल्यांपुरती ती मर्यादित ठेवली नाही, काहीच होत नाही म्हणणाऱ्याही तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता, सरासरी एकीला तीनाहून जास्त, आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दोन गावं म्हणजे देश नव्हे, हा आक्षेप तेव्हाही घेता येत होता आणि आजही येतो. पण या अभ्यासाचं मोल ९२ या आकड्यात कमी आणि पद्धतीत जास्त आहे. दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून गावाचं दुखणं कळत नाही, न येणाऱ्यांचं दार वाजवावं लागतं, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांसाठी हेच सूत्र वापरलं. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बायका बाळाच्या घरी जाऊ लागल्या, तसा ३९ गावांतला अर्भकांचा पहिल्या महिन्यातला मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. तो निष्कर्ष १९९९ चा. आज आशाताईच्या ज्या सहा भेटी आपण गृहीत धरतो त्या याच कामातून आल्या. बंग पती-पत्नींच्या दोन अभ्यासांपैकी बाळांचा देशाने उचलला आणि बायकांचा कपाटात ठेवला, असं म्हणणं थोडं कडक होईल, पण फारसं चुकीचं होणार नाही.

कपाटात ठेवल्याचा परिणाम बीडमध्ये दिसला. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कोयता बंद ठेवला की खाडा आणि खाड्याची रक्कम कापली जाते, हे कारण सर्वांनी लिहिलं आणि ते खरंच आहे. दुसऱ्या कारणावर कमी लिहिलं गेलं. पांढरं जातंय म्हणून ही बाई दाखवायला निघते तेव्हा तिला औषध देऊन बघू, महिन्याने परत या, असं म्हणणारं जवळ कुणी नसतं. ती जिथे पोहोचते तिथे बहुतेक वेळा खासगी रुग्णालय असतं, आणि कर्करोगाची भीती घातली की पिशवीचा निकाल लागतो. ‘महाराष्ट्रात सगळे खासगीत जातात, उपकेंद्राचं काय घेऊन बसलात’ असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. चांगला खासगी डॉक्टरही दारात आलेल्यालाच बघतो. न आलेलीला शोधायला जाणं हे त्याचं काम नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

यादी आणि पुन्हा भेट यांच्या या आग्रहावर सर्वांत भक्कम आक्षेप याच महाराष्ट्रातून येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. या कर्करोगाला कारणीभूत विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी फक्त एकदा केली तरी पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असं २००९ साली जगाला कळलं. मग एकदाच भरणाऱ्या शिबिराने काय बिघडतं? एक तर, शिबिरांत सहसा ती चाचणी नसते. तिथे असते अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची, म्हणजे साध्या व्हिनेगरच्या जातीच्या द्रावणाची. ते गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. ही चाचणी स्वस्त आहे, नर्सला शिकवता येते. पण उस्मानाबादच्या त्याच अभ्यासात ती एकदाच केलेल्या गटात मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. उलट टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच चाचणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, साध्या शिक्षणाच्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन अभ्यासांची सरळ तुलना करू नये हे खरं, माणसं वेगळी, भाग वेगळा. तरीही परत येण्याला किती वजन आहे ते दिसतं. आणि उस्मानाबादला एकदाच झालेली एचपीव्ही चाचणीही शिबिरासारखी सुटी नव्हती. बायकांना घरी जाऊन बोलावलं होतं, दोष निघालेल्यांची पुढची तपासणी आणि उपचार झाले होते आणि वर्षानुवर्षं प्रत्येक नावाचा माग ठेवला गेला होता. यादी तिथेही होतीच.

सरकारी धोरणात हे नाही असं नाही. २०१६ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या भारतीय बायकांनी ती आयुष्यात एकदा तरी करून घेतली त्यांचं प्रमाण निघालं १.९ टक्के. आशाताई तिशीवरच्यांचे अर्ज भरते, पण अर्जाने पुढची तारीख मिळत नाही. उपकेंद्राची पाटी बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली, समुदाय आरोग्य अधिकारी आले, हे पाऊल पुढचंच आहे. पण पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, त्यात एखादी सिस्टर, आणि तपासणीच्या टेबलाला धड पडदा नाही, खिडकीबाहेर पोरं खेळतायत, अशा खोलीत कोणती बाई आडवी होईल? दिवा, पडदा, कडी लागणारं दार यांचा खर्च एका शिबिराच्या मंडपापेक्षा जास्त नसावा. आशाताईंवर आणखी एक यादी लादायची तर मोबदलाही तसा द्यायला हवा. त्या मानधनासाठी वारंवार संपावर आणि आझाद मैदानावर येतात, ते हौसेने नव्हे. शिवाय चट्टा दिसलेल्या बाईला पाठवायचं कुठे, हाही प्रश्न उरतो. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक ठरलेला दिवस बसला तरच त्या यादीला अर्थ आहे.

या साऱ्याची खरी परीक्षा एचपीव्हीच्या लशीत आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती देण्याला उत्तेजन देऊ, असं फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राने जाहीर केलं होतं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आहे. ही लस गावोगाव पोहोचेल तेव्हा शाळेच्या पटावरून मुलींची नावं घेतली जातील, जी आली नाही तिच्या घरी जाणं होईल, कारण लसीकरणाची ती सवयच आहे. त्या घरात मुलीची पस्तिशीतली आईही असते. तिच्या वयाला या लशीचा फारसा उपयोग नाही, तिच्यासाठी आहे ती तपासणीच. मुलीच्या नावाखाली आणखी एक ओळ आखून तिथे आईचं नाव आणि तारीख लिहायची की नाही, हे कार्यक्रमाच्या फॉर्ममध्येच ठरवावं लागेल.