पैसे हातात की छप्पर डोक्यावर?

रास्त वाटा : भाग ७

शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांबद्दल या अंकात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच एक पत्र आलं, आणि तेही नेमकं माझ्या आवडीच्या विषयावर. असलं पत्र बाजूला ठेवणं मला जमत नाही.

पत्र आपल्या मनमाडच्याच एका निवृत्त गार्डसाहेबांचं आहे. कुंपणाआडून सामना बघणाऱ्या तीन मुलांचं, मागे मी सांगितलेलं चित्र त्यांना पटलं. बुटक्याला पायाखाली दोन खोकी आणि उंचाला एकही नाही, याबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती खोक्यांबद्दल. ज्याला कमी आहे त्याला जास्त द्या, पण वस्तूंचा पसारा कशाला, असं ते विचारतात. गणवेश घ्या, सायकल घ्या, वसतिगृह घ्या, जिथे तिथे ठेका आणि जिथे तिथे गळती. सरळ पालकाच्या खात्यात रक्कम टाका आणि मोकळे व्हा. पुढे त्यांनी खास रेल्वेचा दाखला दिलाय. आपल्या जंक्शनात ब्रॉडगेज आणि निजामाची मीटरगेज शेजारी शेजारी होत्या, पण इकडची वाघीण तिकडच्या रुळांवर चालायची नाही. पोतं न पोतं हमालांच्या पाठीवरून पलीकडे जायचं. पैसा हा एकच माल असा, की तो कुठल्याही गेजवर धावतो!

दाखला झकास आहे आणि मुद्दाही लेचापेचा नाही. फक्त तो नवा नाही. या वादाला शंभर वर्षं होत आली.

१२ मार्च १९२७. मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच सरकारनियुक्त सदस्य म्हणून सभागृहात आले होते. त्यांनी आधी हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त गोळा करतं. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ परत निरक्षर होतात. मग त्यांनी तत्त्व सांगितलं. इथले समाज एका पायरीवर उभे नाहीत. त्यांना एका पायरीवर आणायचं असेल तर असमानतेचंच तत्त्व पत्करायला हवं, खालच्या पायरीवर असलेल्याला झुकतं माप द्यायला हवं. तीन खोक्यांचं चित्र क्रेग फ्रोले या अमेरिकन प्राध्यापकानं काढलं ते २०१२ साली. मुंबईच्या सभागृहात तो विचार ८५ वर्षं आधी मांडून झाला होता.

मला मात्र त्या भाषणातला दुसराच भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अस्पृश्य मुलांसाठी सरकार शिष्यवृत्त्या देत होतं. आंबेडकरांनी मंत्र्यांना सांगितलं की हा पैसा वाया जातोय, त्याऐवजी वसतिगृहं काढा. शिष्यवृत्तीवर स्वतः शिकलेला माणूस हे म्हणत होता! बडोद्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली नसती तर त्यांना कोलंबिया विद्यापीठ दिसलं नसतं. तरी त्यांचं म्हणणं असं की घरात दारिद्र्य इतकं आहे, की मुलाच्या नावानं आलेली रक्कम आईबाप घरखर्चाची मदत समजतात. ती चुलीत जाते, पाटीपुस्तकावर येत नाही. आणि समजा आली, तरी पोर राहतं त्याच वस्तीत, त्याच ओढाताणीत. त्याला तिथून बाहेर काढणारं, त्याच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं. बोलून ते थांबले नाहीत. १९२८ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली, ती मुख्यतः वसतिगृहं चालवायला.

आईबाप पैसे उडवतात, असा आरोप त्यात नव्हता. उपाशी घरात आलेला पैसा आधी पोटाकडे जाणार, हे साधं निरीक्षण होतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच ओळखलं होतं. १९०२ साली त्यांनी नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागा ठेवल्या, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ साली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं आणि त्यामागून एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली, याचा उल्लेख त्या मानानं कमी होतो. जागा राखायची तर त्या जागेवर बसणारा तयार व्हायला हवा, आणि तो तयार व्हायला खेड्यातून आलेल्या पोराला शहरात दोन वेळचं जेवण नि निजायला जागा हवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात पुढचं पाऊल टाकलं. १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. महात्मा गांधींनी त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिलं तेही १९२७ मध्येच. रोख मदत घेणारा मुलगा आपल्याच घरी जेवतो, त्यामुळे पंगत हा प्रश्नच उठत नाही. छपराखाली तो उठतो, आणि उठला म्हणूनच सुटतो.

गार्डसाहेब, आता आपल्या गावाकडे येऊ. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं विधान या परिषदेतलंच, आणि परिषदेची आठवण निघते ती बहुधा तेवढ्यापुरती. भाषणात रेल्वेतल्या नोकऱ्यांचं जे बारीक वर्णन आहे ते आपल्या विषयाला फार जवळचं आहे. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही. का? तर पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो, आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य माणूस घरात चालत नाही. वर्कशॉपातही तो कारागीर होत नाही, हमालच राहतो.

या आडकाठीला नियमाची गरजच पडत नव्हती. कागदावर पोर्टरची जागा कुणालाही खुली ठेवा, स्टेशनमास्तरच्या उंबऱ्याशी ती बंदच. अशा गँगमनच्या हातात पोराच्या शिक्षणासाठी महिन्याला काही रुपये दिले असते तर काय झालं असतं? त्याची खोली रुळाच्या कडेला, गावापासून लांब, शाळा कोसावर. पैसा कुठल्याही गेजवर धावतो हे कबूल. पण तो जिथे उतरायचा तिथे त्याच्या बदल्यात काही मिळायला तर हवं ना?

हे जुनं झालं, आता बँकखाती आहेत, असं गार्डसाहेब म्हणतील. म्हणून ताजा दाखला देतो. २०१७ साली राज्यानं ठरवलं की मोफत गणवेशाचं कापड किंवा कपडे द्यायचे नाहीत, दोन गणवेशांचे ४०० रुपये विद्यार्थी आणि आईच्या संयुक्त खात्यात टाकायचे. म्हणजे आधी खातं उघडा, मग पदरच्या पैशानं गणवेश घ्या, पावती शाळेत दाखवा, आणि मग वाट बघा. ज्या बाईकडे आधी घालायला ४०० रुपये असते तिला योजनेची गरज कमी होती. जिला गरज होती तिच्याकडे ते नव्हते. शिवाय खातं उघडायला आणि शिल्लक ठेवायलाच पैसे लागत. बरीच पोरं त्या वर्षी जुन्याच कपड्यात शाळेला आली. पुढे खरेदीचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

एवढ्यावरून वस्तू चांगली आणि पैसा वाईट असं म्हणायला मी तयार नाही. २०२४ साली उलटी चूक झाली. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड वरूनच कापून पाठवायचं आणि महिला बचत गटांनी शिवायचं असं ठरलं. गणवेश उशिरा आले. आले त्यांतले कितीतरी कुणाला घट्ट, कुणाला ढगळ. वर्षाअखेरीस तोही निर्णय फिरवून काम परत समित्यांकडे दिलं गेलं. सगळ्यांना अगदी सारखं देण्याच्या हौसेत मुलाच्या खांद्याचं माप घ्यायचं राहून गेलं होतं.

आणि पैसा जिथे चालतो तिथे छान चालतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या, अकरावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार रुपये ठरवली गेली. खोली भाड्यानं मिळते, खानावळ असते, मुलं-मुली कळत्या वयाची असतात आणि खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर असतं. अशा ठिकाणी हातात पैसा दिला तर वसतिगृहाच्या खाटेची वाट बघत वर्ष फुकट जात नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाला ऊसतोड कामगारांची पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. सात वर्षांच्या पोराच्या नावानं खात्यात कितीही रक्कम टाका, आईबाप फडात असताना ती त्याला गावात संध्याकाळी भाकर वाढत नाही. म्हणून बीडकडे हंगामी वसतिगृहं निघाली. शाळेच्या देखरेखीखाली, हंगामापुरती गावातच जेवणाची आणि राहण्याची सोय. म्हातारी आजी नुसतं सांभाळू शकते. दोन वेळचा शिधा मिळाला तर ती पोराला शाळेतही धाडू शकते.

तेव्हा माझं उत्तर असं की कुणाला जास्त द्यायचं हा वाद १९२७ लाच निकालात निघाला. राहिलेला प्रश्न आहे तो माप कोण घेणार याचा. अडचणीच्या जितकं जवळ, तितकं माप बरोबर. मनमाडचंच बघा. वर्षानुवर्षं इथे पंधरा-पंधरा दिवसांआड नळ येत आलाय. ज्या दिवशी ज्या गल्लीला पाणी, त्या दिवशी त्या गल्लीतल्या मुली वर्गात कमी. कुठल्या गल्लीचा नळ कधी सुटणार हे मंत्रालयाला कळायचं कारण नाही, पण शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना ते पाठ असतं. पाण्याच्या दिवशी आलेली चाचणी पुढे हलवायला ना टेंडर लागतं ना खातं. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलंय ते उगाच नाही. समितीची बैठक फक्त सह्यांपुरती होते तिथे हे सगळं कागदावर राहतं, हेही मला दिसतं.

मात्र ‘जवळचा हात’ म्हणजे मायेचा हात, असं धरून चालणाऱ्यांनी १९२७ चा तोच मार्च महिना आठवावा. विधिमंडळातल्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले. अस्पृश्यांना तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता, आणि त्याआधी १९२३ साली विधिमंडळात सार्वजनिक पाणवठ्यांबद्दलचा बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. ठराव दोन्हीकडे होते. गावानं तळं दिलं नव्हतं. म्हणून हक्क वरून ठरायला हवा, त्यावर गावाची मेहरबानी नको. खालच्यांनी माप घ्यावं, पण द्यायचं की नाही हे ठरवायची मुभा त्यांना नसावी. सगळं वरून करायला गेलो तर ढगळ सदरे येतात, आणि सगळं खाली सोपवलं तर तळं बंद राहतं.

गार्डसाहेबांची गळतीची तक्रार तशीच उरते, ती मी झटकत नाही. वसतिगृहांतल्या जेवणाबद्दल आणि निकृष्ट पुरवठ्याबद्दल लिहायचं तर तो एक अख्खा भाग होईल, आणि तो मी लिहिणार आहे. तोवर एक विनंती. मनमाडला किंवा आसपास बोर्डिंगात राहून शिकलेले, विशेषतः गँगमन-खलाशी घरांतले जे कुणी वाचक असतील, त्यांनी तिथला दिनक्रम कळवावा. पहाटे उठवणारं कोण होतं, दिवा किती वाजता मालवायचे, सुटीत घरी गेल्यावर अभ्यास होत असे का, असलं बारीकसारीक लिहा.

पुढच्या आठवड्यात नक्की २५ टक्के जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं त्या नियमातून शाळांना जी पळवाट काढून दिली आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती बंद केली, तिथून सुरुवात करू.