भूक औषधाची, डबा पावडरचा

चार वर्षांपूर्वी पंधरा वर्षांचा एक मुलगा आईसोबत माझ्याकडे आला. सहा महिन्यांत त्याचे वजन १४ किलोंनी वाढले होते. मनोविकारतज्ज्ञांनी ओलान्झापिन सुरू केल्यापासून कानांत येणारे आवाज थांबले होते, तो पुन्हा शाळेत जाऊ लागला होता. "डॉक्टरसाहेब, औषध फार कडक आहे ना, म्हणून ताकदीसाठी दोन वेळा दुधातून पावडर देते," आई म्हणाली. पावडरचे नाव ऐकून मी ओशाळलो. पूर्वीच्या एका आजारपणात ती मीच लिहून दिली होती. कधी बंद करायची, ते सांगितले नव्हते.

ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन यांचे काही रिसेप्टर अडवतात आणि भूक वाढते. मूल हावरट झालेले नसते. २००९ साली 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, अशी औषधे प्रथमच घेणाऱ्या ४ ते १९ वर्षे वयाच्या मुलांचे वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिनने सरासरी ८.५ किलो, रिस्पेरिडोनने ५.३, तर ॲरिपिप्राझोलने ४.४ किलो वाढले. त्यात साखरयुक्त पावडरची भर कशाला?

वडिलांनी उलट टोक गाठले. त्यांनी गार्सिनियाच्या 'नैसर्गिक' कॅप्सूल मागवल्या. झाड आपल्या आमसुलाच्या कुळातले खरे, पण या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर द्यावे. त्याने हे वजन उतरेल, ही आशा धरू नये. मेटफॉर्मिनचा उपयोग होतो, परंतु ते पूरक नव्हे, औषध आहे. ते मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच द्यावे.

या गडबडीत खरा धोका आम्हां सर्वांच्याच नजरेतून निसटला. वर्गात 'मोटू' म्हणून चिडवल्यामुळे मुलगा गोळ्या उशीखाली लपवू लागला. तीन आठवड्यांत आवाज परतले.

त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांनी सावकाश औषध बदलले. मी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व चरबी यांची नोंद ठेवू लागलो. खरे तर ती औषध सुरू होण्याआधीच व्हायला हवी होती. पोह्यांसोबतची जिलबी रविवारपुरती उरली, सरबताच्या जागी पाणी आले, संध्याकाळी क्रिकेट सुरू झाले. वर्षभरात ६ किलो उतरले. गोळी मात्र एकदाही चुकली नाही.

पावडरच्या रिकाम्या डब्यात आई आता शेव भरून ठेवते, असे तिने मागच्या भेटीत हसत सांगितले. इंदूरच्या घरात शेवेविषयी बोलायला धीर लागतो; तो विषय मी पुढच्या भेटीवर ठेवला आहे.