पावसानंतर पडवीतल्या गाद्या

पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं, की कोकणातल्या घरांत पडवी पुन्हा गजबजते. झोपाळ्याच्या कड्यांना तेल मिळतं, वेताच्या खुर्च्या बाहेर येतात आणि चार महिने गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, तक्के उघडले जातात. त्याच वेळी घरातल्या बाईच्या कपाळावर आठी पडते. कुठे पाण्याचं तपकिरी कडं, कुठे काळे ठिपके, कुठे गंजाचा डाग आणि सगळ्याला एक कुबट वास.

आमच्याकडे मागच्या वर्षी हेच झालं. श्रावणातल्या एका झडीत झोपाळ्याच्या गादीचा कोपरा भिजला. वाळल्यावर तिथं बशीएवढं कडं उमटलं. मी धुण्याची पावडर घेऊन तेवढीच जागा खसाखसा घासली. दुसऱ्या दिवशी बशीचं ताट झालं! शेवटी वर चादर अंथरून मोकळी झाले. आठ दिवसांनी चादरीखाली बुरशी धरली होती.

माझे सासरे रोज असरनंतर त्या झोपाळ्यावर बसतात. येणारे-जाणारे सलाम करतात, दोन शब्द बोलतात. तेवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध. ते आत पलंगावरच बसू लागले, तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाले, “बेटा, तिथं बसलं की खोकला येतो.” मला फार लाज वाटली. डाग झाकून मी त्यांची जागाच हिरावून घेतली होती.

गावात गाद्या भरणारे एक वयस्क चाचा आहेत. त्यांना गादी दाखवली. ते म्हणाले, “डाग धुवायचा नसतो, पूर्ण बाजू धुवायची असते.” बाकी सगळं या एका वाक्यातून उलगडत गेलं.

कडं का पडतं?

कापडावर पाणी सांडलं, की ते धूळ, क्षार आणि साबणाचा अंश विरघळवून पसरतं. कडेचं पाणी आधी सुकतं, मधलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि आपल्याबरोबर मळही कडेला नेऊन सोडतं. चहाचा थेंब वाळल्यावर कड गडद दिसते, तेही असंच. 1997 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अशा कड्यांमागचं कारण उलगडून दाखवलं होतं. म्हणून फक्त डाग ओला केला, की त्याच्याबाहेर नवं कडं तयार होतं. उपाय एकच: शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा भाग सारखा ओला करायचा.

धुण्याची रीत

आधी खोळ काढा. चेन नसेल तर एका बाजूची शिवण उसवा, नंतर हाताने टाके घालता येतात. ब्रशने कोरडी धूळ झाडा. आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का, ते पाहा. मग बादलीभर गार किंवा कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचा पातळ साबण घालून खोळ भिजवा आणि मऊ ब्रशने सगळीकडे सारखी घासा. कडक पाणी नको, सुती कापड आटतं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. राहिलेला साबण धूळ धरतो आणि डाग परत दिसतो.

आतला फोम पिळायचा नाही, तुटतो. साबणाच्या पाण्यात दाबून-सोडून धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि वारं लागेल अशा सावलीत उभा ठेवा. सततच्या उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. आत कापूस असेल तर तो भिजवू नका. खोळ तेवढी धुवा, कापसाला ऊन द्या आणि गोळे झाले असतील तर पिंजून घ्या. नदाफ, मन्सुरी घराण्यांचा हा पिढीजात हुन्नर आता फोममुळे मागे पडत चालला आहे. आपलं काम त्यांच्याकडे गेलं, तर गादीही टिकेल आणि हुन्नरही.

डाग तसा उपाय

तेल, सालन: लगेच मैदा किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. तेल शोषलं की झाडून साबणाने धुवा.

हळद: साबण लागताच डाग लाल होतो, घाबरू नका. खळबळून उन्हात वाळवा. ऊन हळदीचा रंग फिका करतं. दोन-तीनदा करावं लागतं. गडद रंगाची खोळ मात्र उलटी करून वाळवा.

रक्त, दूध, अंडं: गार पाणीच वापरा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.

फणसाचा चीक: खोबरेल तेल चोळून सैल करा, मग तेल साबणाने काढा.

गंज: लिंबू आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून पाहा. ब्लीच लावू नका, गंजाचा डाग अधिकच धरतो.

बुरशी: गादी अंगणात नेऊन, नाकाला ओढणी बांधून झाडा. दम्याच्या माणसाला आणि मुलांना दूर ठेवा. सिरका आणि पाणी समप्रमाणात घेऊन पूर्ण बाजूला लावा, अर्ध्या तासाने धुवा, कडक वाळवा. काळे ठिपके आत फोमपर्यंत गेले असतील तर फोम बदला. तिथं काटकसर नको, छातीचा प्रश्न असतो.

एक ताकीद

लवकर डाग जावा म्हणून दोन-तीन द्रव्यं एकत्र करू नका. ब्लीचमध्ये सिरका, लिंबू किंवा संडासचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनियाचं द्रव्यही ब्लीचजवळ आणू नका. ब्लीच वापरायचंच असेल तर खोळीवरची सूचना वाचून, एकटंच आणि मोकळ्या हवेत वापरा.

पुढच्या पावसासाठी

भिजलेली गादी एक-दोन दिवसांत आतपर्यंत वाळली नाही, तर बुरशी धरते. म्हणून झड आली की गादी आधी उभी करा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आतली ओल आतच राहते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून उंचावर ठेवा आणि उघडीप मिळेल तेव्हा वारं द्या.

आमच्या गादीचा फोम बदलावा लागला, खोळ वाचली. निरखून पाहिलं तर एका कोपऱ्यात कड्याची पुसट रेघ अजून दिसते. पण वास गेला, खोकला गेला. पहिल्या दिवशी अब्बा असरनंतर बाहेर आले, हाताने गादी चाचपली आणि काही न बोलता बसले. थोड्या वेळाने आतून मी झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकला आणि चहा ठेवला.