तपासावरचा डोळा

आमच्या हर्सूलला दोन गोष्टींमुळे ओळखतात, एक तलाव आणि दुसरा तुरुंग. (नवरात्रात हरसिद्धी देवीच्या जत्रेमुळे तिसरीही ओळख मिळते, पण ती तेवढ्या दिवसांपुरतीच.) कॉलेजला येताना-जाताना मध्यवर्ती कारागृह रोज लागते. लहानपणापासून पाहत आल्यामुळे त्याचे मला काही वाटेनासे झाले होते. माझ्या आत्याचे मात्र तसे नाही. तिने ज्या पतसंस्थेत १,८०,००० रुपये ठेवले होते, त्या संस्थेचे दोन कर्तेधर्ते गेल्या वर्षी त्या भिंतीआड गेले आणि तेव्हापासून आत्या त्या रस्त्याने जाताना थांबून पाहते.

मी तिला म्हणालो, "आत्या, बरे झाले. पकडले त्यांना."

ती म्हणाली, "अरे, तो आत गेला म्हणून मी काय पेढे वाटू का? माझे पैसे कुठं गेले ते सांग."

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची मला पाठ आहेत. पण या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर थोडी लाजच वाटली. सुट्टीत मी ते शोधायला लागलो. विषय रूक्ष आहे, कथा-कवितांच्या पानांत तो उपरा वाटेल याची मला कल्पना आहे. तरी आपल्या वर्गात किती जणांच्या घरी पतसंस्थेचे पासबुक आहे, हे एकदा हात वर करायला लावून मोजावे आणि मग पान उलटावे.

आरंभ थोडा दूरचा आहे. अमेरिकेत १९११ साली कॅन्सस राज्याने एक कायदा केला. गावोगाव फिरून खोट्या कंपन्यांचे शेअर खपविणारे लोक शेतकऱ्यांना नागवीत होते, अक्षरशः निळ्या आभाळाचे तुकडे विकीत होते म्हणा ना! म्हणून अशा कायद्यांना तेथे 'निळ्या आभाळाचे कायदे' असेच नाव पडले. पुढे इतर राज्यांनीही ते केले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्याराज्यांत तपासनीस असतात आणि त्या तपासनिसांच्या कामावर देखरेख ठेवणारे वरिष्ठ अधिकारीही असतात.

आपल्याकडे घटनेने शेअरबाजार हा विषय केंद्राकडे दिला. त्यामुळे शेअर आणि रोखे यांचा कारभार सेबी पाहते. ती १९८८ मध्ये स्थापन झाली आणि १९९२ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. पण हर्सूलची आत्या शेअर घेत नाही, ती ठेव ठेवते. तिच्यासारख्यांसाठी राज्याने स्वतःचा कायदा केला, तो १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा अधिनियम. पोलीस, वकील आणि आता ठेवीदारसुद्धा त्याला 'एम.पी.आय.डी.' म्हणतात. 'निळ्या आभाळाच्या' कायद्याला आपल्या राज्यातला सर्वांत जवळचा भाऊ शोधायचा तर तो हाच.

राज्याला असा कायदा करता येतो का, हाच प्रश्न पुढे उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. २०११ मध्ये तामिळनाडूच्या तशाच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा अधिकार मान्य केला आणि त्याच आधारावर महाराष्ट्राचा कायदाही टिकला. ज्या सूच्या आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो, त्यांच्यावर हजारो माणसांच्या ठेवी टांगलेल्या होत्या, हे मला त्या निकालांविषयी वाचताना प्रथमच जाणवले. पुढे २०२२ मध्ये तर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजसारखा बडा बाजारही याच कायद्याच्या कक्षेत येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. २०१३ मध्ये तो बाजार बंद पडला तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले होते आणि तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे होता.

आपल्या जिल्ह्यालाही हे नवे नाही. २०२२ च्या सुमारास 'तीस-तीस' नावाची योजना गाजली. औद्योगिक प्रकल्पासाठी जमिनी गेलेल्या बिडकीन-पैठणकडच्या शेतकऱ्यांनी मोबदल्याचा पैसा तीत घातला होता. जुलै २०२३ मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात सुमारे २०० कोटींच्या अपहाराचे गुन्हे दाखल झाले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. आत्याची संस्था वेगळी आणि याहून कितीतरी लहान. तिचे नाव वर्तमानपत्रात एकदाच, आतल्या पानावर आले.

आता मूळ मुद्दा. माझ्या एका मित्राचे मामा पोलीस खात्यातून निवृत्त झाले आहेत. नोकरीची शेवटची काही वर्षे अशाच गुन्ह्यांच्या तपासावर देखरेख करण्यात गेली. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी चहा पाजला आणि मग विचारले, "तपास कोण करतो, सांग बरं."

"पोलीस निरीक्षक," मी म्हणालो.

"आणि त्याचा तपास कोण तपासतो?"

मी गप्प बसलो. इथून पुढचे दोन तास मी फक्त लिहून घेत होतो.

तपासी अंमलदार रोज केस डायरी लिहितो. आज कोणाचा जबाब घेतला, काय जप्त केले, कोठे पत्र पाठविले, हे सगळे त्यात येते. आयुक्तालयात सहायक आयुक्त व उपायुक्त, ग्रामीण भागात उपअधीक्षक व अधीक्षक हे वरिष्ठ ती वाचतात आणि लेखी सूचना देतात. मामा म्हणाले की खुनाच्या डायरीत रक्त शोधावे लागते, या डायरीत तारखा. पैसे कोणत्या दिवशी संस्थेतून निघाले, कोणाच्या खात्यात गेले, आणि त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणाच्या नावे खरेदीखत झाले, हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. अध्यक्षाच्या नावावर सहसा काही सापडत नाही. मेहुणा, सून, जुना ड्रायव्हर यांच्या नावांवर सापडते. म्हणून सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक दोन यांचे उतारे मागविले की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. आरोपी कोठे लपला आहे, हा दुसरा.

याला कारण कायद्यातच आहे. ठेव परत न करणाऱ्याला या कायद्यान्वये सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्या दंडातून आत्याला दमडीही मिळत नाही. तिच्या कामाचा भाग आहे तो जप्तीचा. संस्थेची मालमत्ता आणि ती पुरी पडत नसेल तर प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक यांची मालमत्ता शासन आदेश काढून जप्त करू शकते. ती मग सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. हा किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा महसुली अधिकारी असतो. तो विशेष न्यायालयाकडे अर्ज करतो. न्यायालय हरकती ऐकून जप्ती कायम करते, मग विक्री, आणि आलेला पैसा ठेवीदारांत प्रमाणशीर वाटला जातो. कोणी लबाडीने मालमत्ता दुसऱ्याच्या गळ्यात घातली असेल तर त्या दुसऱ्यापर्यंतही कायदा पोहोचतो. मात्र ही सगळी साखळी पोलिसांनी मालमत्तेची यादी दिल्यावाचून हलतच नाही. यादीत एक गट क्रमांक चुकला तर तेवढी जमीन सुटली. एखादे घर आधीच बँकेकडे गहाण असेल तर बँक आणि ठेवीदार यांचा निराळाच झगडा लागतो.

दुसरीकडे घड्याळ चालू असते. अटकेनंतर, गुन्ह्याच्या शिक्षेनुसार, ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेले नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मामांच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलने हे दिवस मांडलेले असत. आरोपीला अटक झाली की वर्तमानपत्रे टाळ्या वाजवतात. यांची झोप तेव्हापासून उडते, कारण नव्वद दिवसांत शेकडो ठेवीदारांचे जबाब, संगणकातील नोंदी आणि लेखापरीक्षकाचा अहवाल हे सगळे जुळवायचे असते. घाईत अटक केली आणि कागद कच्चे राहिले, असे एकदा आपल्याही हातून झाल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आरोपी बाहेर आला, आणि दोन प्लॉट विकून मोकळा झाला. त्यानंतर ते हाताखालच्या निरीक्षकांना सांगत, आधी खाती गोठवा, मग माणूस.

हे ऐकल्यावर मला आत्याच्या प्रश्नाचा अर्थ कळला. ती जे विचारत होती तेच हा माणूस नोकरीभर विचारत आला होता. फरक एवढाच की त्यांच्या हातात डायरी होती आणि तिच्या हातात पावती.

पावतीवरून आठवले. अनेक ठेवीदार तक्रारच देत नाहीत. काहींना वाटते, कोणीतरी दिली आहे ना, पुरे. काहींना घरात कळू द्यायचे नसते. आत्याने शिवणकामाचे पैसे असे लपवूनच साठविले होते. शेजारच्या एका काकूंनी तर "संचालक आपल्याच नात्यातला आहे" म्हणून पावती ट्रंकेत ठेवून दिली. पण ठेवीदार पुढे आला नाही तर त्याची रक्कम हिशेबात येण्याचीच भ्रांत. आणि पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखे पाच लाखांपर्यंतचे विम्याचे कवच नसते, हे तर आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पाटी मोठी, काउंटर काचेचे, शिपाई गणवेशात. बँक आणि पतसंस्था यांत फरक तो काय दिसणार?

मामांकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आत्याला घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. तिने पिशवीतून मूळ पावती काढून पुढे केली. टेबलामागच्या हवालदारांनी ती परत तिच्या हातात दिली.

"मावशी, मूळ पावती जपून ठेवा. झेरॉक्स द्या, आणि आधारची एक. न्यायालयात मूळ मागतील तेव्हा लागेल."

त्यांनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखविला. आत्याने तो दोनदा वाचायला लावला, कारण पहिल्या वेळी ठेवीची तारीख एका महिन्याने चुकली होती. तारखांचे मोल मला आता कळत असल्यामुळे मी अवघडलो नाही. तिने सही केली. तिचा क्रमांक २००च्या पुढचा होता.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "किती मिळतील रे?"

जप्तीच्या यादीत दोन दुकाने, एक शेत आणि एक चारचाकी आहे, एवढे मला कळले होते. एकूण ठेवींच्या मानाने ते कमी आहे, हेही कळले होते. मी दोन्ही तिला सांगितले. ती काही बोलली नाही. हर्सूलच्या बसमध्ये तिने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि जबाबाचा क्रमांक पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर, ठळक अक्षरांत, लिहून ठेवला.