कॅम्पर व्हॅनमधली शिदोरी: काय टिकतं, काय नासतं

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. पण सोलापूरहून तामलवाडीचा टोलनाका ओलांडून तुळजापूर, पुढे नळदुर्ग अशी पहिलीवहिली सहल ठरली की घरात चर्चा होते ती डब्यांचीच. आणि डब्यांबरोबर काही पक्क्या समजुतीही गाडीत चढतात.

‘उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला की झालं.’ घरी रात्रीचा भात फ्रीजमध्ये जातो म्हणून हे चालून जातं. व्हॅनमध्ये तो पातेल्यातच राहतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांची वाढ होते, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष कितीही खमंग फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. त्रास अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतो, म्हणजे नेमका पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. पारा बत्तिशीच्या वर असेल तर तासभरच. धाराशिवचा उन्हाळा तर चाळिशी सहज गाठतो. तेव्हा भात लागेल तेवढाच शिजवा. उरला तर टाकताना जीव तुटेल, तरी टाका.

‘आइसबॉक्स आहे ना!’ आइसबॉक्स म्हणजे फ्रीज नव्हे. तो गारवा तयार करत नाही, असलेला राखतो. गरम भाजीचा डबा आत ठेवलात तर भाजी गार होण्याआधी बर्फच संपायचा. जिन्नस घरच्या फ्रीजमध्ये गार करून मगच भरा. सुट्या खड्यांपेक्षा पाऊण भरून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या जास्त वेळ टिकतात. पिण्याचं पाणी वेगळ्या खोक्यात ठेवा, नाहीतर मुलं दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात.

‘घरचं कोरडं म्हणजे कितीही दिवस टिकतं.’ हे निम्मं खरं. सोलापूरची कडक भाकरी टिकते, कारण मंद आचेवर तिच्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडालेलं असतं. आमटीत कुस्करली की जेवण तयार. शेंगा चटणीही टिकाऊ, पण ओला चमचा गेला की बुरशी धरते आणि उन्हात तापून खवट होते. नैवेद्याची पुरणपोळी मात्र या रांगेतली नव्हे. पुरण ओलं असतं, ती त्याच दिवशी संपवा. दूध न्यायचं तर दूधपावडर किंवा न उघडलेला टेट्रापॅक न्या.

‘पाऊस असला तर आतच शेगडी लावू.’ बंद गाडीत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते, आणि त्याला वास नसतो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली, नेमका अंथरुणापाशी साचतो. स्वयंपाक बाहेर, आडोशाला करा. पाऊस थांबेना तर भाकरी-चटणी आहेच.