तटाखालची दारू

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन हातांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक टिपायचा आहे, म्हणून जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे पाहिलं गेलं. एरवी गुरुत्वीय लहरींच्या आधी मालट्रकच ऐकू येईल!

जमिनीचा कानोसा घेण्याची विद्या मात्र जुनी, वेढ्यांच्या युद्धातली आहे. इराणी साम्राज्याच्या फौजेने लिबियातल्या बार्का शहराला वेढा घालून तटाखाली भुयारं खणायला घेतली, तेव्हा एका तांबटाने काशाची ढाल तटाच्या आतून जागोजागी जमिनीला टेकवून पाहिली. खाली कुदळ चालू असेल तिथेच ती घुमायची. ही हकिकत हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. यातलं भौतिकशास्त्र पक्कं आहे. जमिनीतून आलेल्या कंपनाची जवळजवळ सगळी ऊर्जा हवेच्या सीमेवरून परत फिरते, त्यामुळे उभ्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. जमिनीला टेकलेला धातू मात्र ते कंपन थेट उचलतो.

आपल्याकडचा असा वेढा म्हणजे अहमदनगरचा, १५९५-९६ चा. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम (दोहे लिहिणारा रहीम तो हाच) यांनी निजामशाहीची राजधानी वेढली. तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू ठासली. किल्ल्यात हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी होती. तिला खबर मिळाली ती ढालीकडून नव्हे, माणसाकडून. मोगल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद खान शिराझी या सरदाराने सुरुंगांच्या जागा आत कळवल्या. हे नाव आपल्याकडे कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बंदुकीची दारू उघड्यावर भसकन जळून जाते. कोंडली की तोच तप्त वायू दाब वाढवत जातो, वाढत्या दाबाने ज्वलन आणखी वेग घेतं, आणि मग तट उचलला जातो. म्हणूनच सुरुंगाला आतून भगदाड पाडणं हीच त्याची अर्धी हार. पाणी ओतलं तर दारूतला सोरा विरघळतो आणि दारू निकामी होते. किल्ल्यातल्या लोकांनी आतून खणत जाऊन दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्या, सर्वांत मोठ्या सुरुंगातली दारू ते उपसत असतानाच मुरादने बत्ती दिली. श्रेय एकट्याला हवं म्हणून त्याने खानखानानलाही कळवलं नव्हतं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. तटाला खिंडार पडलं, खणणारे गाडले गेले. चांदबीबी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. हल्ला परतवला आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं.

चांदबीबीने तोफांत सोन्यारुप्याची नाणी भरून डागल्याची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला चांदबीबीचं मोठेपण त्या दोन निकामी सुरुंगांत दिसतं. पाठ्यपुस्तकातल्या तिच्या हातात तलवार असते, कुदळही असायला हवी.

मोगलांना राजधानी मिळाली नाही, पण तहात वऱ्हाड मिळालं. पाथरी, वाशीम, माहूर, म्हणजे आजच्या हिंगोलीच्या आजूबाजूचा मुलूख त्यातच येत होता.

१६०० साली मोगलांनी पुन्हा वेढा घातला. या वेळी किल्ल्यातल्याच लोकांनी चांदबीबीला ठार मारलं. त्यानंतर मोगलांचे सुरुंग उडाले, तट फुटला आणि किल्ला पडला.